पाणीपट्टी कशी ठरवावी: पाणी आणि सांडपाणी सेवेच्या न्याय्य दरांचा सविस्तर हिशेब

पंप जळाला तेव्हा पाणीपुरवठा समितीच्या खात्यात नवा पंप घेण्याइतके पैसे नव्हते. सात वर्षं दर वाढवले नव्हते आणि दर सभेत ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची. एकोणीस दिवस नळ कोरडे राहिले. ज्यांच्याकडे बोअर होती, गच्चीवर मोठी टाकी होती, त्यांचं निभावलं. बाकीच्यांनी टँकरचं पाणी विकत घेतलं. महिन्याच्या पाणीपट्टीएवढे पैसे त्यांचे चार दिवसांत गेले.

त्यानंतर मी त्या समितीचे हिशेब लिहायला बसलो आणि पुढे काही वर्षं लिहीत राहिलो. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. कमी ठेवलेला दर गरिबाच्या बाजूचा वाटतो, पण यंत्रणा बंद पडली की पहिला फटका त्यालाच बसतो. म्हणून न्याय्य दर म्हणजे खर्च पूर्ण भरून काढणारा, ज्याच्यामुळे जितका खर्च होतो त्याच्याकडून साधारण तितका घेणारा आणि सर्वांत कमी कमाईच्या घराला पेलणारा दर. या तीन अटी एकमेकींना ओढतात. ती ओढाताण कशी सोडवायची, तेवढंच खाली लिहिलं आहे. उदाहरणात चलनाचं नाव घातलेलं नाही. आकडे तुमच्या चलनात, तुमच्या खर्चाप्रमाणे बदलून घ्या.

आधी बारा महिन्यांचे कागद

चर्चेला थेट दरापासून सुरुवात करू नका. आधी सलग बारा महिन्यांचे कागद एका टेबलावर आणा: वीजबिलं, पंप किती तास चालला याची वही, मुख्य मीटरच्या नोंदी, प्रत्येक जोडणीचं रीडिंग, किती रकमेची बिलं काढली आणि किती वसूल झाली, दुरुस्तीच्या पावत्या, कर्जाचे हप्ते. वर्ष पूर्णच हवं. ऋतूप्रमाणे वापर बदलतो, त्यामुळे तीन महिन्यांना चारने गुणून काढलेलं वर्ष फसवं निघतं.

मुख्य मीटर नसेल तर अडून बसू नका. टाकीचा बाहेर जाणारा व्हॉल्व्ह बंद करा, पंप एक तास चालवा आणि पाण्याची पातळी किती चढली ते मोजा. टाकी १० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि पातळी अर्धा मीटर चढली, तर तासाला ४० घनमीटर पाणी येतं. एक घनमीटर म्हणजे १,००० लिटर. पंपाच्या वहीतले तास याला गुणले की वर्षाचा उपसा मिळतो. हे काम वर्षातून दोनदा करावं, कारण पंप झिजतो तसं पाणी कमी होतं.

पुढे सगळीकडे हेच एक उदाहरण वापरतो. वर्षाचा उपसा २,४०,००० घनमीटर, बिलात दिसणारं पाणी १,८०,००० घनमीटर. म्हणजे चौथा हिस्सा पाणी बिलात येतच नाही. या ६०,००० घनमीटरकडे नीट पाहिल्याशिवाय दराला हात लावू नये असं मला वाटतं, कारण त्याचा भार बिल भरणारेच उचलत असतात.

हे हरवलेलं पाणी दोन प्रकारचं असतं. एक खरोखर जमिनीत मुरतं: फुटलेली वाहिनी, सैल सांधे, टाकीचा ओव्हरफ्लो. दुसरं लोकांपर्यंत पोचतं पण मोजलं जात नाही: मंद झालेले मीटर, चोरून घेतलेल्या जोडण्या, चुकीचं रीडिंग. दोन्हींची किंमत सारखी नसते. उदाहरणात वीज आणि औषधांवर वर्षाला १६ लाख जातात, म्हणजे उपशाच्या दर घनमीटरला साधारण ६.७. एक घनमीटर गळती थांबवली की तेवढेच वाचतात. पण न मोजलेलं एक घनमीटर पाणी बिलात आणलं, तर पूर्ण विक्रीदर हाती येतो. या उदाहरणात पुढे तो २१.४ निघणार आहे. म्हणून हातात पैसा कमी असेल तेव्हा आधी मीटर तपासा, मग खोदाईला लागा. जिथे मुळात पाणीच अपुरं आहे तिथे मात्र गळतीला पहिला मान द्यावा लागतो.

मीटर तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. एका घराचा मीटर अजून डोळ्यांसमोर आहे. काचेला आतून हिरवट थर आलेला, आकडे वाचायला ओलं फडकं फिरवावं लागलं. नळाखाली २० लिटरची बादली भरली, मीटर १६ लिटरच सरकला. मग नळ अगदी बारीक धारेवर ठेवला, तर छोटी चक्री जागची हललीच नाही. त्या घराने काहीही चूक केली नव्हती. मीटर जुना झाला होता, इतकंच. अशा घरांवर चोरीचा संशय घेऊ नका, मीटर बदला.

गळतीचा अंदाज रात्री घ्यायचा. पहाटे २ ते ४ या वेळात लोक झोपलेले असतात. टाकीतून तेव्हा जे पाणी जातं, त्यातलं बरंचसं गळतीचं असतं. एकेका भागाचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद करत गेलं की कुठल्या भागात पाणी मुरतंय ते कळतं. पुरवठा ठरावीक तासांपुरताच असेल तर ही पद्धत लागू पडत नाही. तिथे भागवार मीटर बसवणं हाच मार्ग.

कंबोडियातल्या नोम पेन्ह शहराचं उदाहरण मी प्रत्येक समितीला सांगतो. १९९३ मध्ये तिथे ७२ टक्के पाणी बिलाबाहेर जात होतं. एक सोन चान (यातला ‘एक’ हा नावाचाच भाग) यांनी त्या वर्षी पाणीपुरवठा संस्थेची सूत्रं हाती घेतली. जोडण्यांची नोंद, मीटर, वसुली आणि वाहिन्या या सगळ्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि पुढच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास आलं.

खर्चाची यादी, न दिसणाऱ्या खर्चासह

उदाहरणातल्या संस्थेचा वार्षिक खर्च असा धरू:

पगार १८ लाख
वीज १४ लाख
क्लोरीन, तुरटी, पाणीतपासणी २ लाख
दुरुस्ती ५ लाख
बिलिंग, कार्यालय, विमा ३ लाख
कर्जाचा हप्ता ६ लाख
जुनी यंत्रं बदलण्याचा निधी ९ लाख
अडीअडचणीची राखीव गंगाजळी ३ लाख

एकूण ६० लाख. पहिल्या पाच ओळी सगळेच लिहितात. शेवटच्या दोन ओळी बहुतेक ठिकाणी गायब असतात, आणि आमच्या त्या एकोणीस दिवसांचं मूळ तिथेच होतं.

आणखी काही खर्च लपलेले असतात. हिशेब फुकट लिहून देणारे निवृत्त गृहस्थ, दुसऱ्या खात्याच्या मीटरवर चालणारा एखादा पंप, कुणाची तरी वापरायला दिलेली गाडी. आज ते फुकट आहेत म्हणून उद्या असतील असं नाही. निदान एका बाजूला त्यांची बाजारभावाने नोंद ठेवा.

बदलीच्या निधीसाठी मालमत्तेची नोंदवही लागते. त्यासाठी कार्यालयात बसून चालत नाही. विहिरीपासून शेवटच्या चेंबरपर्यंत चालत जा, प्रत्येक पंप, पॅनल, व्हॉल्व्ह, टाकी, वाहिनी लिहा: कधी बसवलं, आज स्थिती कशी, अजून किती वर्षं चालेल, आज नवं घ्यायचं तर किती पडेल. ढोबळ मानाने पंप आणि मीटर १० ते १५ वर्षं चालतात, काँक्रीटची टाकी पन्नासच्या आसपास, आणि चांगल्या टाकलेल्या वाहिन्या ५० वर्षांच्याही पुढे जातात.

इथे एक चूक सारखी दिसते. पंप आठ वर्षांपूर्वी ३ लाखांना घेतला, आयुष्य १२ वर्षं, म्हणून घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेली रक्कम, वर्षाला २५,०००. वहीत हे बरोबर दिसतं. पण आज तोच पंप ५ लाखांना मिळतो, चार वर्षं उरली आहेत आणि बाजूला काहीच पडलेलं नाही. म्हणजे वर्षाला १,२५,००० बाजूला टाकायला हवेत. वहीतल्या घसाऱ्याच्या पाचपट. दर ठरवताना जुनी खरेदी किंमत विसरा, बदलीची किंमत धरा.

मात्र सगळंच रोख साठवून करायचं नसतं. पन्नास वर्षं टिकणाऱ्या वाहिनीचे सगळे पैसे आजच्या पिढीच्या पाणीपट्टीतून आधीच जमा करणं हाही अन्यायच. लवकर झिजणाऱ्या गोष्टी निधीतून आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या कर्जातून घ्याव्यात, म्हणजे जो वापरतो तो फेडतो. कर्ज देणारे बहुधा पाहतात की चालू खर्च भागवून उरणारी रक्कम हप्त्याच्या निदान १.२ पट तरी आहे का. राखीव गंगाजळी निदान दीड ते तीन महिन्यांच्या चालू खर्चाएवढी असावी. पाण्याचा स्रोत बेभरवशाचा असेल तर याहून जास्त.

दर वाढवण्याआधी एक वीजतपासणी जरूर करा. एक घनमीटर पाणी १०० मीटर उंच चढवायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.२७ युनिट वीज लागते. पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षम असतील तर ०.४२. तुमची उंची याच प्रमाणात लावा, वाहिनीतल्या घर्षणासाठी थोडी भर घाला आणि वीजबिलाशी ताडून पाहा. दुप्पट युनिट जात असतील तर पंप झिजलाय, चुकीच्या क्षमतेचा आहे किंवा कुठला तरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. तो खर्च लोकांच्या बिलात टाकण्याआधी दुरुस्त करा.

किती रकमेची बिलं काढायची

६० लाखांतून इतर उत्पन्न वजा करा: नव्या जोडण्यांचं शुल्क, विलंब आकार, व्याज. समजा २ लाख. उरले ५८ लाख. पण काढलेलं प्रत्येक बिल वसूल होत नाही. वसुली ९५ टक्के असेल तर ५८ ला ०.९५ ने भागायचं. ६१ लाखांची बिलं काढावी लागतील. वसुली ७० टक्के असेल तर हाच आकडा जवळपास ८३ लाख होतो. तेव्हा बिल नियमित भरणारं घर शेजाऱ्याची थकबाकीही भरत असतं. अशा ठिकाणी दरवाढीचा ठराव आणू नये, आधी वसुली सुधारावी. आणि थकबाकीदारांच्या यादीत बड्या धेंडांची नावं सर्वांत वर असतील तर सुरुवात तिथूनच करावी, नाहीतर पुढचं सगळं लोकांना खोटं वाटतं.

स्थिर आकार किती, वापराचा दर किती

सर्वांत जास्त वाद इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबू. स्थिर आकार म्हणजे वापर कितीही असो, दर महिन्याला लागणारी ठरावीक रक्कम. वापराचा दर म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे लागणारे पैसे.

उदाहरणात ९१२ जोडण्या आहेत. ८९० जोडण्या १५ मिलिमीटरच्या, १२ जोडण्या २५ मिलिमीटरच्या आणि १० जोडण्या ५० मिलिमीटरच्या. मोठा मीटर एकाच वेळी जास्त पाणी ओढू शकतो आणि यंत्रणा त्या सर्वाधिक मागणीला पुरेल अशी बांधावी लागते. म्हणून स्थिर आकार मीटरच्या क्षमतेप्रमाणे घ्यावा. अमेरिकेत सर्रास वापरलं जाणारं प्रमाण असं: १५ मिलिमीटरला १ धरला तर २५ ला २.५ आणि ५० ला ८. त्या हिशेबाने ८९० अधिक ३० अधिक ८०, म्हणजे १,००० समतुल्य जोडण्या.

दुसरी गोष्ट, दर वाढला की वापर थोडा घटतो. घरगुती वापरात १० टक्के दरवाढीला २ ते ४ टक्के घट सहज होऊ शकते. हे विसरलं तर वर्षाअखेर तूट येते आणि पुन्हा दर वाढवावे लागतात. आपण विक्री ५ टक्के घटेल असं धरू: १,७१,००० घनमीटर.

आता ६१ लाखांपैकी ४० टक्के स्थिर आकारातून आणि ६० टक्के वापरातून घेतले तर स्थिर आकार महिन्याला २०३ आणि दर घनमीटरला २१.४. महिन्याला ६ घनमीटर वापरणाऱ्या घराचं बिल ३३१, १२ वापरणाऱ्याचं ४६० आणि २५ वापरणाऱ्याचं ७३८.

हिशेबनीस म्हणेल की खर्चातला खरा बदलता भाग वीज आणि औषधांचाच आहे, म्हणजे सुमारे २७ टक्के. बाकी ७३ टक्के खर्च पाण्याचा एक थेंब न विकताही होतोच, मग तो स्थिर आकारातूनच घ्या. त्याचं म्हणणं हिशेबाला धरून आहे. तसं केलं तर स्थिर आकार ३७१ होतो आणि घनमीटरचा दर ९.६. मग ६ घनमीटरवाल्याचं बिल ३३१ वरून ४२९ वर जातं आणि २५ वाल्याचं ७३८ वरून ६१२ वर उतरतं. एकट्या राहणाऱ्या म्हातारीचं बिल वाढलं, बागवाल्या बंगल्याचं कमी झालं. शिवाय पाणी जपून वापरण्याचं कारणच उरलं नाही. मला हे मान्य नाही. माझा कल स्थिर आकार ३० ते ४० टक्क्यांत ठेवण्याकडे आहे.

त्याची जोखीम मात्र उघड्या डोळ्यांनी घ्यावी. कोरड्या वर्षात विक्री १० टक्के घटली तर वापराच्या उत्पन्नातले सुमारे ३ लाख ६६ हजार जातात. उपसा कमी झाल्याने वाचतात १ लाख १४ हजार. अडीच लाखांचं भगदाड पडतं. वरच्या यादीतली ३ लाखांची राखीव रक्कम याचसाठी आहे. स्थिर आकार कमी ठेवायचा असेल तर गंगाजळी भरलेली हवी.

मीटरच नसतील तर घरटी एकच पट्टी लावावी लागते. तो तात्पुरता उपाय समजा. तोवर निदान जोडणीच्या आकाराप्रमाणे आणि घरगुती-व्यावसायिक असा फरक करा. सगळ्या घरांना मीटर लावायला वेळ लागणार असेल तर सुरुवात मोठ्या वापरकर्त्यांपासून करा.

टप्प्यांचे दर: गरिबाला मदत, पण जपून

पहिल्या ६ घनमीटरला अर्धा दर, पुढे जास्त, ही कल्पना सगळ्यांना आवडते. दक्षिण आफ्रिकेने २००१ च्या सुमारास महिन्याला घरटी ६,००० लिटर पाणी मोफत देण्याचं धोरण आणलं. आठ माणसांचं घर आणि माणशी दिवसाला २५ लिटर असा त्यामागचा हिशेब होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसाच्या मूलभूत गरजांना दिवसाला ५० ते १०० लिटर लागतात. म्हणजे ६ घनमीटर चार माणसांच्या घराला जेमतेम पुरतात.

आपल्या उदाहरणात सगळ्या ८९० घरांचा वापर निदान ६ घनमीटर आहे असं धरून ही सवलत दिली, तर वर्षाला साधारण ६ लाख ८६ हजार कमी येतात. ते वरच्या टप्प्यांतून काढायचे तर ६ घनमीटरच्या पुढचा दर २७.८ होतो. बिलं अशी होतात: ६ घनमीटरला २६७, १२ ला ४३४, २५ ला ७९५. छान दिसतं.

आता एका मीटरवर दोन कुटुंबं राहतात ते घर घ्या. मिळून १८ घनमीटर. एकसारख्या दरात त्यांचं बिल ५८८ होतं, टप्प्यांच्या दरात ६०१ झालं. दाटीवाटीने राहणारी, भाड्याची खोली वाटून घेणारी माणसंच बहुतेकदा एका मीटरवर असतात. ज्यांच्यासाठी सवलत आणली तेच जास्त भरतात आणि मोठ्या घरात एकटा राहणारा सुखवस्तू माणूस सवलत घेतो. उपाय आहे: टप्पा जोडणीला न बांधता कुटुंबाला बांधा. दोन कुटुंबांना १२ घनमीटर सवलतीचे दिले की त्याच घराचं बिल ४९८ वर येतं. त्यासाठी घरोघर जाऊन नोंद करावी लागते आणि ती दरवर्षी ताजी करावी लागते. तेवढी तयारी नसेल तर टप्पे दोनच ठेवा. पाच-सहा टप्प्यांचं दरपत्रक कुणालाच समजत नाही, बिल वाटणाऱ्यालाही नाही.

सांडपाण्याचा हिशेब वेगळा ठेवा

पाणी आणि सांडपाणी यांची खाती एकत्र केली की कोण कुणाचा खर्च उचलतोय ते कळेनासं होतं. बिल एकच असू द्या, पण ओळी दोन हव्यात.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० ते ९० टक्के गटारात जातं. सांडपाण्याला मीटर नसतो, म्हणून पाण्याच्या रीडिंगवरूनच आकार लावतात. बागेला जाणारं पाणी गटारात येत नाही. त्यामुळे बागेला पाणी लागत नाही त्या महिन्यांचा सरासरी वापर धरून वर्षभराचा सांडपाणी आकार लावणं जास्त रास्त ठरतं.

एक पळवाट मात्र बंद करा. स्वतःची बोअर असलेलं मोठं गृहसंकुल किंवा हॉटेल नळाचं पाणी घेतच नाही, त्याचं पाण्याचं बिल शून्याजवळ असतं, पण गटार आपलंच वापरतं. त्यांच्या बोअरला मीटर लावा, नाहीतर खोल्या आणि माणसं मोजून आकार लावा.

सांडपाण्यात नुसतं प्रमाण पाहून भागत नाही, घाणीचा भार पाहावा लागतो. युरोपीय संघाच्या नियमांत एका माणसाचा सेंद्रिय भार दिवसाला ६० ग्रॅम जैविक ऑक्सिजन मागणी (घाण कुजवताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन) इतका धरतात. एखादा खाद्यप्रक्रिया कारखाना दिवसाला २० घनमीटर पाणी सोडतो, म्हणजे माणशी १५० लिटरच्या हिशेबाने सव्वाशे-दीडशे माणसांएवढं. पण त्यात भार दिवसाला ३० किलो असेल तर तो ५०० माणसांएवढा आहे. सांडपाण्यात हवा फुंकून शुद्धीकरण करणाऱ्या केंद्रात जवळपास निम्मी वीज त्या हवेवरच जाते आणि हवा किती लागणार ते या भारावर ठरतं. गाळही त्याच प्रमाणात निघतो. अशा कारखान्याला प्रमाणाचा दर आणि वर भाराचा अधिभार असे दोन्ही लावावेत. नमुने त्यांच्या चेंबरमधून, न सांगता, वर्षातून काही वेळा घ्यावेत.

पावसात केंद्रावर येणारं पाणी एकदम वाढत असेल तर छपरांचं पाणी गटाराला जोडलेलं आहे किंवा चेंबरच्या भेगांतून पाणी शिरतंय. त्याची वीज सगळे भरतात. ज्या घरांना सेप्टिक टाकी आहे त्यांना गटाराचा आकार लावू नका. त्याऐवजी दर तीन ते पाच वर्षांनी टाकी उपसण्याचा खर्च महिन्यांत वाटून बिलात घ्या. एकरकमी मोठा खर्च आला की माणसं टाकी उपसायचं टाळतात आणि मैला शेवटी कुणाच्या तरी विहिरीपर्यंत पोचतो.

पेलतंय का, हे शेवटच्या घरापासून तपासा

२८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. हक्क म्हणजे फुकट असं नव्हे, पण पैशाअभावी कुणी पाण्यावाचून राहू नये, हे त्यात येतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या मानव विकास अहवालाने घराच्या उत्पन्नातला पाण्याचा वाटा ३ टक्क्यांच्या वर जाऊ नये असं सुचवलं होतं. पाणी आणि सांडपाणी मिळून ३ ते ५ टक्के ही मर्यादा अनेक ठिकाणी धरतात.

ही तपासणी सरासरी उत्पन्नावर कधीही करू नका. सरासरीत गरीब घर लपून जातं. महिन्याला १०,००० मिळवणारं घर घ्या. पाण्याचं ३३१ म्हणजे ३.३ टक्के. टप्प्याच्या दरात २६७, म्हणजे २.७ टक्के. त्यात सांडपाण्याचे १५० धरले तर मिळून ४.२ टक्के. काठावर आहे, पण पेलेल. ७,००० मिळवणाऱ्या घराला हेच ६ टक्के होतात. त्याला दरपत्रकाने मदत होणार नाही, थेट मदत लागेल.

थेट मदतीचे नमुने आहेत. चिलीमध्ये १९८९ च्या कायद्याने गरीब घरांच्या बिलातला काही भाग सरकार भरू लागलं. पाणी संस्थेला पूर्ण दर मिळतो आणि घराला परवडतं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने २०१७ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांचं बिल त्यांच्या उत्पन्नाशी जोडलं. छोट्या समितीला एवढी यंत्रणा जमणार नाही. तिथे एक छोटा मदतनिधी पुरतो, पण तो खर्चाच्या यादीत वेगळी ओळ म्हणून दिसला पाहिजे आणि मदत कुणाला मिळाली ती नावं सभेत वाचू नयेत. हे माझं कळकळीचं सांगणं आहे. आमच्या समितीत अशी यादी एकदा मोठ्याने वाचली गेली. पुढच्या वर्षी त्यातल्या तिघांनी अर्जच केला नाही.

थकबाकीसाठी नळ पूर्ण तोडू नका. सूचना, हप्ते, मग प्रवाह कमी करणारी चकती, या क्रमाने जा. बारीक धार चालू राहिली तरी माणूस कार्यालयात येतो, आणि घरातली मुलं पाण्यावाचून राहत नाहीत.

लोकांसमोर कसं न्यायचं

बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहरात जानेवारी २००० मध्ये पाण्याचे दर एकदम वाढवले. काहींची बिलं दुपटीवर गेली. त्या दरात धरण-बोगद्याच्या मोठ्या प्रकल्पाचा भारही होता, म्हणजे जे पाणी अजून आलंच नव्हतं त्याचे पैसे लोकांना आधी मागितले गेले. शिवाय लोकांनी स्वतः खोदलेल्या विहिरींच्या योजनांवर नव्या कायद्याने गदा येईल अशी भीती होती. लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये सरकारला खासगी कंपनीशी केलेला करार रद्द करावा लागला. दरवाढ मोठी होती हे खरंच, पण सेवा सुधारण्याआधी आणि विश्वासात न घेता ती लादली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

म्हणून मोठी वाढ दोन-तीन वर्षांत वाटून घ्या आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचा दर आत्ताच छापून टाका. सभेआधी दोन आठवडे खर्चाची वरची यादी फलकावर लावा. सभेत टक्के सांगू नका, बिलं दाखवा: ६ घनमीटरचं आज किती आणि उद्या किती, १२ चं किती, २५ चं किती. सभा संध्याकाळी ठेवा, रोजंदारीवर जाणारी माणसं येतील अशी. बायका बोलतील अशी व्यवस्था करा, कारण पाणी कधी येतं, किती दाबाने येतं, कधी गढूळ येतं हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. आमच्या सभेत सगळा विरोध मावळला तो एका प्रश्नानंतर. एका ताईंनी विचारलं, "पंपासाठी बाजूला टाकलेले पैसे दुसरीकडे खर्च होणार नाहीत, हे कोण सांगणार?" बदलीच्या निधीचं खातं वेगळं उघडायचं, त्यावर दोन सह्या आणि शिल्लक दर तिमाहीला फलकावर, असा ठराव तिथेच झाला. तो ठराव दरपत्रकाआधी मंजूर झाला.

पहिले तीन महिने, आणि मग दरवर्षी

नवीन दराचं पहिलं बिल वाटलं की पंचवीस-तीस बिलं हाताने तपासा. स्थिर आकार बरोबर मीटरला लागलाय का, एका मीटरवरच्या दोन कुटुंबांना दुप्पट टप्पा मिळालाय का, सेप्टिक टाकीवाल्यांना गटाराचा आकार चुकून लागला नाही ना. तक्रारीची वही ठेवा आणि सात दिवसांत लेखी उत्तर द्या. एखाद्या घराचं रीडिंग एकदम तिप्पट आलं तर बिल पाठवण्याआधी कुणाला तरी त्या घरी पाठवा. बहुतेक वेळा संडासाची टाकी वाहत असते.

तीन महिन्यांनी विक्री आणि वसुलीचे आकडे अंदाजाशी ताडून पाहा. वापर ५ ऐवजी १० टक्के घटला असेल तर ते वर्षाअखेर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. त्यानंतर दरवर्षी ठरल्या महिन्यात हाच हिशेब नव्याने मांडा, खर्च फारसा बदललेला नसला तरी. मालमत्तेच्या नोंदवहीसाठी विहिरीपासून शेवटच्या चेंबरपर्यंतची फेरीही त्याच महिन्यात घाला, आणि नव्याने निवडून आलेल्या सदस्यांना सोबत न्या.